विमुक्तांसाठी बंद राहिलेलं कोर्टाचं दार

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातल्या एका कलमाची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. एखादी जमात 'गुन्हेगार' असल्याची अधिसूचना निघाली की ती वैध आहे की नाही, हे कोणत्याही न्यायालयाने तपासायचं नाही, असं ते कलम सांगत होतं. आरोप सरकारचा आणि पुरावा म्हणजे सरकारचीच अधिसूचना. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांची कोर्टात आजही जी परवड होते, तिची सुरुवात मला इथे दिसते.

आधी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभ्या राहिल्या. रोजची हजेरी, बाहेर जायला परवानगी. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण 1959 मध्ये मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला. कागदावर तो व्यक्तीपुरता आहे, पण पोलिसांची नजर जमातीवरून हटली नाही. जवळपास चोरी झाली की आधी पालावर धाड पडते, चॅप्टर केस होते, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी मागणारी प्रतिबंधक कारवाई.

हा संशय कुठवर नेतो? 2003 मध्ये महाराष्ट्रात घडलेल्या दरोडा आणि खुनांच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना गोवलं गेलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंमधून सुरुवातीला वेगळेच चार जण ओळखले होते, पण त्यांच्यावर खटलाच चालवला नव्हता. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाखांची भरपाई द्यायला लावली आणि भटक्या जमातीतल्या या गरिबांना खोटं गोवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही म्हटलं. तोवर जवळपास सोळा वर्षं गेली होती. त्या वर्षांची भरपाई 5 लाखांत होते, असं मी मानूच शकत नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरवले. हे फार आधी व्हायला हवं होतं. जामिनाचं मात्र तसंच आहे. जामीनदार आणा, त्याचा सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला आणा. पालावर राहणाऱ्याच्या ओळखीत सातबारा असणारं कोण असतं? म्हणून जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो.