सावरडो स्टार्टर, सुका
सावरडो स्टार्टर, सुका : पीठ व पाण्याच्या मिश्रणात आपोआप वाढलेले किण्व (यीस्ट) आणि लॅक्टिक अम्ल तयार करणारे जीवाणू यांचे राखून ठेवलेले विरजण म्हणजे सावरडो (आंबट कणकेच्या) पावाचा स्टार्टर. पातळ थरात वाळवून त्याच्या पापड्या केल्या, तर त्या महिनोन्‌महिने टिकतात आणि पीठपाणी देऊन पुन्हा जिवंत करता येतात.

आंबवलेल्या पावाचा उगम बहुधा प्राचीन ईजिप्तमध्ये झाल्याचे सांगतात. मात्र ओले पीठ कुठेही आंबतेच, त्यामुळे तो एकाच ठिकाणी झाला असे मानणे कठीण आहे. आदल्या दिवसाची कणीक राखून ती विरजण म्हणून वापरण्याची रीत रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात नोंदवली आहे. मराठीतील ‘खमीर’ हा शब्द मूळचा अरबी, फार्सीमार्गे आलेला. ‘पाव’ या शब्दाबद्दल मतभेद आहेत. लादीचा चौथा भाग म्हणून पाव किंवा पायांनी कणीक तुडवत म्हणून पाव, अशा व्युत्पत्ती ऐकायला मिळतात. पोर्तुगीज ‘पाँव’ वरून तो आला हे मत अधिक ग्राह्य वाटते. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती, हेही त्याला पूरक आहे. गोव्यातील पाववाले पीठ ताडीने फुगवत. ताडीतही किण्व व जीवाणू एकत्रच असतात, त्यामुळे तीही एका अर्थी नैसर्गिक विरजणच होय. ती रोज ताजी उतरत असल्याने कोकणपट्टीत विरजण वाळवून राखण्याची गरज पडली नसावी.

1971 मध्ये क्लाइन व सुगिहारा या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातील जीवाणू वेगळा केला. त्याच्या सोबतीचे किण्व माल्टोज शर्करा वापरत नाही, जीवाणू मात्र तिच्यावर पोसला जातो. अन्नावरून दोघांत स्पर्धा होत नाही, म्हणून ही जोडी दीर्घकाळ टिकते. प्रत्येक घरच्या स्टार्टरमध्ये हीच जोडी असते असे नाही. वाळताना किण्वाच्या पेशींतील ट्रेहॅलोज ही शर्करा त्यांच्या पटलांचे (पातळ आवरणांचे) रक्षण करते.

पुनरुज्जीवनासाठी 10 ग्रॅम पापड्या 30 ग्रॅम कोमट पाण्यात भिजवाव्यात. पाणी उकळून निववलेले घ्यावे, म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाते. तासाभरात पापड्या मऊ पडल्या की 25 ग्रॅम पीठ घालावे. चक्कीच्या पिठात कोंडा असल्याने ते मैद्यापेक्षा लवकर आंबते. पुढे दर 24 तासांनी थोडे विरजण ठेवून तेवढेच पीठ व पाणी द्यावे, फुगू लागल्यावर दर 12 तासांनी. पहिल्या दिवशी नुसते बुडबुडे आले आणि पीठ वर चढले नाही, तर ते टाकून देण्याची घाई करू नये. सलग दोन-तीन वेळा पीठ ठरावीक वेळात दुप्पट झाले की स्टार्टर पावासाठी तयार समजावा.

परदेशी कृतींतील वेळा थंड स्वयंपाकघरासाठी असतात. मुंबईत मे महिन्यात तापमान 30 अंशांच्या वर जाते; विरजण, पीठ व पाणी समप्रमाणात घेतले तर तीन-चार तासांत फुगून ते खाली बसते आणि उग्र आंबट होते. येथे घड्याळापेक्षा बरणीवर अडकवलेला रबरबँड विश्वासाचा : पीठ त्याच्या किती वर चढले, हे बघावे. एक भाग विरजणाला पाच भाग पीठ व पाच भाग पाणी दिले की वेग आटोक्यात येतो. रोज पाव होत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा पीठपाणी पुरते. वर काळपट पाणी साचले तर ते भुकेचे लक्षण. ते ओतून किंवा ढवळून पुन्हा पीठ द्यावे. गुलाबी वा नारिंगी रेघ किंवा बुरशी दिसली तर मात्र सगळे टाकून द्यावे.

राखीव साठ्यासाठी जोमदार स्टार्टर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवतात. जुलैत हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, पापडी चिवट राहते आणि बुरशी धरते. म्हणून हे काम पावसाआधी किंवा वातानुकूलित खोलीत करावे. पापडी कट्कन मोडली की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून अंधारात ठेवावी.