‘१२ व्होल्ट’ लिहिलेली प्रत्येक कॉइल सारखी नसते
अमेरिकेत १९४७ ते १९५२ दरम्यान तयार झालेल्या फोर्ड ८एन या पेट्रोल ट्रॅक्टरची ६ व्होल्टची यंत्रणा १२ व्होल्टवर नेल्यास ‘१२ व्होल्ट’ छापलेली कोणतीही इग्निशन कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज वाढवून स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडणारा भाग) चालते आणि ठिणगीही दुप्पट जोरदार पडते, हा समज चुकीचा आहे. (आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टर डिझेलचे, त्यांना कॉइलच नसते.) ठिणगीला लागणारे व्होल्टेज मुख्यतः प्लगमधील फट आणि सिलिंडरमधील दाब यांवर ठरते. कॉइल निवडताना पाहायचा तो प्राथमिक वेटोळ्याचा, म्हणजे बॅटरीचा प्रवाह ज्यातून जातो त्या तारेचा, रोध: तो सुमारे ३ ओहम असल्यास १२ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) टिकतात, पण १.५ ओहम असल्यास प्रवाह ८ अँपिअरपर्यंत जाऊन पॉइंट जळतात. अशा कॉइलला बाहेरून तेवढाच रोध जोडावा लागतो. तशी सूचना पुष्कळदा कॉइलवरच छापलेली असते, मात्र ती क्वचितच वाचली जाते.