कॅसेटपासून नॅसपर्यंत: घरच्या डेटाचा डबा स्वस्त कसा झाला

सध्या आपल्या इकडे बरेच पोट्टे विचारून राहिले की घरी एक नॅस (राउटरला जोडायचा डिस्कचा डबा, त्यातल्या फाइली घरातल्या सगळ्या मोबाइल-टीव्हीवर दिसतात) घ्यायचा आहे, कमी पैशातला, लग्नाच्या शूटिंग आहेत, झाडीपट्टीच्या नाटकांच्या रेकॉर्डिंग आहेत, मोबाइलमधले फोटो आहेत, सगळं एका जागी ठेवायचं अन् टीव्हीवर पाहायचं, तर कोणता घेऊ. मॉडेलचं नाव सांगता येते पण ते वर्षभरात जुनं होते. त्यापेक्षा हा डबा मुळात स्वस्त कशामुळे झाला हे माहीत असलं तर पैसे कुठं घालायचे अन् कुठं वाचवायचे हे आपलं आपल्याला समजते, म्हणून ही पार्श्वभूमी लिहून राहिलो.

आधी आपल्या घरातलाच इतिहास पाहा. तालुक्याचा शूटिंगवाला यायचा, व्हीएचएस कॅसेट देऊन जायचा, ती कपाटात राहायची अन् दोनचार पावसाळ्यांत टेपला बुरशी लागायची. मंग व्हीसीडी आली. एका सीडीत 74 मिनिटं मावायची म्हणून एक लग्न दोन-तीन सीड्यांत यायचं, अन् पोरांच्या हातात एकदा गेली की ओरखडे. त्याच्यानंतर मोबाइलच्या दुकानातलं डाउनलोडिंग, कार्ड भरून द्यायचे, भजनं, दंडार, लग्नाची गाणी सगळं एकाच कार्डात. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं अन् सगळ्यांना वाटलं की आता साठवायची गरजच नाही, फोटो आपोआप गूगलवर जातात. पण 1 जून 2021 पासून गूगल फोटोची अमर्याद फुकट जागा बंद झाली, 15 जीबीच्या वर गेलं की पैसे. अन् गावात खरी अडचण वेगळीच आहे, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर 500 जीबीचा डेटा वर चढवायचा म्हटलं तर दुसरं काहीच न करता 333 दिवस लागतात. ज्याच्या घरापर्यंत फायबर आला नाही त्याच्यासाठी क्लाउड बॅकअप हा पर्याय नाहीच, डेटा घरातच ठेवावा लागते.

आता नॅसचं मूळ. हे यंत्र घरासाठी बनलंच नव्हतं, ते ऑफिसचं आहे. 1956 मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा 24 इंची 50 तबकड्या मिळून त्यात 50 लाख अक्षरं मावायची, म्हणजे आजच्या मोबाइलचा एखाददुसरा फोटो. अशी महागडी डिस्क प्रत्येक टेबलावर देणं शक्य नव्हतं, एकीकडे ठेवायची अन् वायरीतून सगळ्यांनी वापरायची ही गरज तिथून तयार झाली. 1983 मध्ये आयबीएमच्याच बॅरी फायगेनबॉमनं एसएमबी नावाची पद्धत बनवली, 1984 मध्ये सन कंपनीनं एनएफएस आणली. दोन्हीचं काम एकच, फाइल दुसऱ्या मशीनवर असली तरी आपल्याच मशीनवर आहे असं वाटलं पाहिजे. 1992 मध्ये नेटअॅप कंपनी उभी राहिली अन् फक्त फाइल वाटण्यासाठीच बनलेला वेगळा डबा विकू लागली. पण किमती मोठ्या कंपन्यांनाच झेपतील अशा.

तो डबा आपल्यापर्यंत आला त्याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर सांबा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अन् याची गोष्ट प्रत्येकानं वाचावी अशी आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पीएचडी करणारा विद्यार्थी होता, त्याला त्याचा डॉसचा पीसी युनिक्स मशीनला जोडायचा होता. समोरची मशीन काय बोलते याचं कागदपत्र त्याच्याजवळ नव्हतं, तर त्यानं वायरीतून जाणारा डेटा पाहून पाहून ती पद्धत, म्हणजे वरची एसएमबीच, ओळखली, 1992 च्या सुमारास स्वतःचा सर्व्हर लिहिला अन् सगळ्यांना फुकट देऊन टाकला. त्याचाच पुढे सांबा झाला. पुढची कितीक वर्षं सांबावाले असंच, एसएमबी वापरणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मशीनचं बोलणं ऐकून काम करत राहिले, मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या युरोपियन कमिशनच्या निकालानंतर 2007 च्या डिसेंबरात त्यांना अधिकृत कागदपत्रं मिळाली. फुकट लिनक्स (विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम) अन् फुकट सांबा एकत्र आले म्हणून विंडोजच्या सर्व्हर लायसनचा खर्च न करता कोणालाही फाइल सर्व्हर बनवता आला. आज दुकानात जो दोन डिस्कवाला डबा दिसते, सिनॉलॉजी असो की क्यूनॅप, त्याच्या पोटात लिनक्सच आहे अन् फाइल वाटायचं काम सांबाच करते. म्हणजे महागड्या अन् स्वस्त डब्यात फाइल वाटण्याच्या कामात फार फरक नाही, जास्तीचे पैसे अॅप, सोय अन् पुढच्या अपडेटचे असतात.

दुसरं कारण रेड. 1988 मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन अन् कॅट्झ यांनी मांडलं की एका मोठ्या महाग डिस्कपेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्या, म्हणजे काम जलद होते, अन् जास्तीची माहिती त्यातच साठवली की एखादी डिस्क मेली तरी डेटा वाचते. कल्पना जबरदस्त होती पण तिच्यामुळे एक गैरसमज घराघरात शिरला, दोन डिस्क मिररमध्ये टाकल्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर, की बॅकअप झाला. नाही झाला. चुकून फोल्डर डिलीट केलं तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, व्हायरसनं फाइल लॉक केल्या तर दोन्हीकडच्या लॉक. रेड ही एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावं यासाठी आहे, ऑफिसला त्याची गरज असते. आपल्या घरी एक दिवस लग्नाचा व्हिडिओ नाही दिसला तर काही अडत नाही, म्हणून पैसे कमी असतील तर माझं स्पष्ट मत, मिरर सोडा, तीच दुसरी डिस्क वेगळी ठेवून बॅकअपला वापरा.

घरगुती डबे 2004 च्या आसपास आले. लिंकसिसचा एनएसएलयू2 नावाचा छोटासा डबा होता, शंभर डॉलरच्या आत, 32 एमबी रॅम, यूएसबी डिस्क लावायची बस. आत लिनक्स असल्यामुळे त्याच्या लायसनप्रमाणे कंपनीला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, द्यावा लागला अन् हौशी लोकांनी त्यावर स्वतःची सिस्टिम टाकून त्याचं काय काय करून दाखवलं. 2005 मध्ये फ्रान्सच्या ऑलिव्हिए कोशार-लाबे यानं फ्रीनॅस नावाचं सॉफ्टवेअर काढलं, जुन्या कॉम्प्युटरचा नॅस करायचा रस्ता उघडला. 2011 मध्ये त्याच मंडळीतल्या फोल्कर टाइलेनं डेबियन नावाच्या लिनक्सवर ओपनमीडियाव्हॉल्ट हे तसंच सॉफ्टवेअर बनवलं, ते आजही कमी ताकदीच्या मशीनवर मस्त चालते. 2012 मध्ये 35 डॉलरचा रास्पबेरी पाय नावाचा छोटासा कॉम्प्युटर आला, पण नॅससाठी तो खऱ्या अर्थानं कामाचा झाला 2019 च्या पाय 4 पासून, काहून की तेव्हा त्याला पूर्ण गिगाबिट लॅन अन् यूएसबी 3, म्हणजे जलद नेटवर्क अन् जलद डिस्क-जोडणी, मिळालं.

डिस्कचा भाव मात्र आपल्या हातात कधीच नव्हता. 2011 च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले अन् जगभर भाव भडकले. 2020 मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ डिस्कपैकी (हे ब्रँडचं नाव, वरच्या रेड पद्धतीशी संबंध नाही) 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत अन् ते कंपनीनं सांगितलंच नव्हतं. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे छपरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे जागा जास्त मिळते पण मधलं काही बदलायचं तर पुढचेही पट्टे पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला ठीक, डिस्क जोडायच्या रेड पद्धतीत नको. डिस्क घेताना सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवलेली, आहे का हे मॉडेल नंबरवरून पाहूनच घ्या.

अन् अपडेट. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डब्याचे अपडेट 2015 मध्ये बंद झाले होते, लोक वापरतच राहिले, जून 2021 मध्ये इंटरनेटवरून हल्ला झाला अन् कितीतरी लोकांचे डबे रातोरात रिकामे झाले. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं क्यूनॅपचे डबे लॉक केले. दोन्ही वेळा फटका बसला तो बाहेरून इंटरनेटवरून दिसणाऱ्या डब्यांना. म्हणून सेकंडहँड स्वस्त डबा मिळून राहिला तर आधी त्याचे अपडेट अजून येतात का ते पाहा, अन् राउटरमध्ये त्याच्यासाठी बाहेरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा रस्ता, उघडू नका. 2025 मध्ये सिनॉलॉजीनं प्लस मालिकेच्या नवीन मॉडेलला आपल्या मान्यतेच्या डिस्कची अट घातली होती, ऑक्टोबरमध्ये ती सैल करावी लागली. डबा कोणत्या कंपनीच्या डिस्क घेते हा प्रश्न तेव्हापासून विचारण्याच्या यादीत वर आला.

आता आपल्या गावचं. ही यंत्रं तैवान-अमेरिकेतल्या घरांसाठी बनतात, तिथं रोज लाइट जात नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून नॅसला यूएसबी वायरनं जोडता येणारा छोटा यूपीएस पाहिजेच, बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होते. इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. बिलाचं पण पाहा, 20 वॅटचा डबा महिनाभर चालू ठेवला तर 14 युनिट होतात, जुना डेस्कटॉप 60 वॅट ओढत असेल तर 43, म्हणून फुकटातला डेस्कटॉप नेहमी स्वस्त पडतेच असं नाही. चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना 45 च्या वर जाते, टिनाच्या खोलीत डबा ठेवू नका, मातीच्या भिंतीची आतली खोली सगळ्यात चांगली. कूलरच्या झोताजवळ पण नको, ती हवा ओली असते. अन् ज्यांच्या घरात भाव येईपर्यंत कापूस भरून राहते त्यांनी पंख्याची जाळी महिन्यातून एकदा पुसावी, तंतू जाऊन बसतात.

टीव्हीवर पाहण्यासाठी जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, डिसेंबर 2018 मध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरनं सोर्स कोड बंद केला तेव्हा ते वेगळं निघालं. टीव्हीला स्वतःला चालतात अशाच फॉरमॅटमध्ये, म्हणजे एच 264 चं एमपी4, जुन्या शूटिंग करून ठेवल्या तर डब्याला व्हिडिओ बदलून द्यावा लागत नाही अन् साधं प्रोसेसरही पुरते.

राहिली दुसरी कॉपी. ती त्याच घरात नको, मृगाच्या आधी विजा पडतात तेव्हा केबलमधून झटका आला तर टीव्ही, राउटर, नॅस सगळं एकदम जाते. एक यूएसबी डिस्क भरून दुसऱ्या गावी बहिणीकडे ठेवायची, पोळ्याला अन् दिवाळीला जाणं होतेच, तेव्हा बदलून आणायची. ती डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, काहून की नॅसच्या आतली डिस्क बहुतेक वेळा लिनक्सच्या फॉरमॅटची असते अन् ती काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर काहीच दिसत नाही, एक्सफॅटची मात्र कोणाच्याही लॅपटॉपवर उघडते.