चेहरा भाजतो तेव्हा डोळा : जुना वाद पापणीचा

आगीचा भडका तोंडावर आला तरी बुबुळ बहुतेक वेळा वाचते. पापणी क्षणात मिटते, डोळा आपोआप वर फिरतो. डोळा जातो तो पुढच्या काही आठवड्यांत. भाजलेली पापणी आक्रसते, उलटी वळते, मिटेनाशी होते. उघडे राहिलेले बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो, कधी भोकही पडते.

हे ठळकपणे समोर आले १९४० मध्ये, ब्रिटनच्या लढाऊ वैमानिकांमुळे. तेव्हा भाजल्यावर टॅनिक आम्लाचा लेप देत. त्याची कडक खपली पापण्या ओढून धरी. चेहऱ्यासाठी आणि हातांसाठी तो लेप बंद झाला, आणि नव्या पापण्या कातडी लावून आधी करायच्या, बाकी चेहरा नंतर, असा क्रम रूढ झाला.

खरा वाद त्यानंतरचा : वरची-खालची पापणी एकमेकींना शिवून टाकावी का? टाके पटकन पडतात, बुबुळ झाकले जाते, म्हणून अनेक वर्षे हाच उपाय होता. पण भाजलेल्या कातडीच्या आक्रसणाऱ्या वणाची ओढ टाक्यांना जुमानत नाही. टाके कडा फाडून निघतात आणि पुढे दुरुस्तीला लागणारी तीच कडा खराब होते. शिवलेल्या पापणीमागे बुबुळावरचा व्रण चिघळला तर वेळेवर दिसतही नाही. म्हणून एक बाजू म्हणते, आक्रसलेली पापणी कापून मोकळी करा आणि तिथे कातडी लावा. दुसरी बाजू म्हणते, ओढ अशी सोडवून लगेच कातडी लावली तर तीही आक्रसते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वण मऊ होऊन स्थिरावेपर्यंत थांबा. हे खरे आहे. तरी पुन्हा लावलेली कातडी परवडते, गेलेले बुबुळ नाही. आज कल लवकर सोडवण्याकडे आहे आणि तो योग्यच आहे.

अलीकडे आणखी एक धोका उमगला. मोठ्या भाजण्यात शिरेतून भरपूर द्रव द्यावे लागते, त्याने डोळ्याच्या खोबणीत दाब वाढून डोळ्याची नस दबते. पापण्यांचा बाहेरचा कोपरा कापून दाब सोडवावा लागतो, तोही काही तासांत. सूज चढून पापण्या बंद होण्याआधी डोळे तपासायचे, हा आग्रह म्हणूनच.

अ‍ॅसिड आणि चुना यांचे वेगळे : ते थेट बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी, म्हणजे त्याचा पृष्ठभाग नवा करत राहणाऱ्या पेशी, मारतात. २०१२ मध्ये हैदराबादहून त्या पुन्हा लावण्याची सोपी पद्धत पुढे आली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करून, दुखावलेल्या डोळ्यावर पसरलेल्या गर्भवेष्टनाच्या (गर्भाभोवतीच्या पातळ आवरणाच्या) पडद्यावर लावायचे. दोन्ही डोळे गेले असतील तर तुकडा दुसऱ्याचा घ्यावा लागतो. आणि पापणी मिटत नसेल तर लावलेले टिकत नाही, म्हणून इथेही आधी पापणीच.