मिसळीची वेटिंग लिस्ट आणि गोदावरीचं सिम्युलेशन

नाशकात पूर किती आलाय हे कुणी क्युसेकमध्ये विचारत नाही, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय पाणी?" एवढंच विचारतात, कारण गोदावरीच्या पात्रातली ही मूर्तीच आमची मोजपट्टी. गुडघा, कंबर, छाती, आणि 2016 च्या ऑगस्टसारखं असेल तर थेट डोक्यावरून. माझा उद्योग असा की हेच पाणी पुलाच्या खांबांवर आदळून कसं वळतं, मागे भोवरे कसे सुटतात ते कॉम्प्युटरवर बघायचं, म्हणजे सीएफडी (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स).

करायचं एवढंच की नदीचे बारीक ठोकळे पाडायचे, त्यांना आम्ही सेल म्हणतो, प्रत्येक सेलमध्ये वेग किती दाब किती ते नेव्हिए-स्टोक्स समीकरणांवरून, म्हणजे प्रवाहाच्या गणितावरून, काढायचं, मग वेळ कणभर पुढे सरकवायची आणि परत पहिल्यापासून. सेलची बाजू निम्मी केली की आठपट सेल होतात, आणि वरून टाइमस्टेपही, म्हणजे वेळेची ती कणभर उडीही, बहुतेकदा निम्मी करावी लागते, कारण एका स्टेपमध्ये पाणी एका सेलपेक्षा जास्त पळालं तर साध्या पद्धतींचं गणित फुटतं, हे कुरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी 1928 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे काम झालं सोळापट. लॅपटॉप इथेच राम म्हणतो.

मग सुपरकॉम्प्युटर. तो आपल्या एकट्याचा नसतो, शेकडो लोक वापरतात, आणि नवीन माणूस पहिली चूक हमखास तीच करतो जी मी केली, दिसतायत तेवढे कोअर, म्हणजे गणित करणारे प्रोसेसर, मागायचे. आता हिशोब बघा. 100 गुणिले 100 गुणिले 100 असे 10 लाख सेल आहेत. प्रत्येक कोअरला एक तुकडा. त्याचे आठ तुकडे केले तर एकेका तुकड्यातले साधारण साडेअकरा टक्के सेल पृष्ठभागावर येतात. हजार तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त 1000 सेल, आणि त्यातले 488 पृष्ठभागावर! या कडेच्या सेलना दर स्टेपला शेजारच्या तुकड्यातले आकडे लागतात, म्हणजे कोअर गणित कमी करतायत आणि निरोपच जास्त पोचवतायत. त्यात एका नोडवरचे, म्हणजे सुपरकॉम्प्युटरमधल्या एका मशीनवरचे, सगळे कोअर मेमरीच्या एकाच नळावर हंडे घेऊन उभे, सीएफडीत आकडेमोडीपेक्षा मेमरीतून डेटा आणण्यातच जास्त वेळ जातो, त्यामुळे कधीकधी नोड अर्धा रिकामा ठेवला तरी काही फरक पडत नाही.

म्हणून मोठा जॉब, म्हणजे मशीनला द्यायचं काम, टाकायच्या आधी शंभर-दोनशे स्टेप 32, 64, 128, 256 कोअरवर पळवून घड्याळ लावायचं. माझ्याकडे 128 पर्यंत वेळ मस्त कमी होत गेला, 256 ला जेमतेम. संपला विषय, 128.

आता रांग, म्हणजे जॉबचा नंबर कधी लागतो ते. रविवारी सकाळी मखमलाबादकडे मिसळ खायला गेलात तर बघा, बारा जणांचा जथा नाव लिहून उभा असतो, त्यांच्यासाठी टेबलं एकेक करून रिकामी होतायत, जोडायला अजून वेळ आहे, तेवढ्यात दोघं येतात, "दादा वीस मिनिटात उठतो", आणि मालक त्यांना बसवून टाकतो, पापड-पाव-रस्सा सगळं उरकून ते गेलेसुद्धा, जथ्याचं काही बिघडलं नाही. सुपरकॉम्प्युटरवर नंबर लावणारा प्रोग्राम, शेड्युलर, अगदी हेच करतो, त्याला बॅकफिल म्हणतात. पण मालक बसवतो ते वीस मिनिटं म्हटल्यावर, "बघू किती वेळ लागतो" म्हणणाऱ्याला नाही. तसंच इथे, सहा तासांचं काम असताना जॉब टाकताना सेफ म्हणून 72 तास लिहिलेत तर फटीत घुसायचा चान्स गेला.

कमी लिहिलंत तरी मार आहेच, वेळ संपली की जॉब मारून टाकतात, दहा मिनिटं राहिली होती वगैरे कुणी ऐकत नाही. माझा एकदा 24 तास भरल्यावर असाच उडाला, शेवटची सेव्ह केलेली फाइल सकाळी सहाची, जॉब गेला दुपारी चारला. दहा तास 128 कोअरचे, गोदार्पण. तेव्हापासून दर तासाला चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं काम सेव्ह, आणि लांबलचक रन असेल तर सहा-सहा तासांचे तुकडे, आधीचा संपला की पुढचा तिथूनच उचलतो. दर स्टेपला पण सेव्ह करू नका हं, तेही करून बघितलंय, डिस्कवर लिहिण्यातच सगळा वेळ गेला आणि डिस्कवर मिळालेल्या जागेचा कोटा भरला तो वेगळाच.

काल रात्री 128 कोअर, सहा तास असा जॉब टाकून झोपलो. सकाळी चहा घेता घेता बघितलं तर साहेब रात्री अडीचलाच आत घुसलेले, आणि माझ्या कितीतरी आधी नाव लिहिलेला दोन हजार कोअरवाला जथा अजून बाहेरच उभा.