ज्येष्ठ चालकांचा वाहन विमा (कोल्हापूर)

ज्येष्ठ चालकांचा वाहन विमा : साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या मालकीच्या किंवा तिच्या हाती असलेल्या गाडीचा विमा, त्याचा हप्ता ठरवणाऱ्या बाबी आणि वाढत्या वयाशी त्यांचा येणारा संबंध. कायदा आणि थर्ड पार्टी विम्याचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांचे होणारे नुकसान भरून देणाऱ्या विम्याचे, दर देशभर एकच आहेत. या नोंदीत ते कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत, कारण एमएच ०९ पासिंगच्या गाडीला लागू होणारा विभाग, पंचगंगेचा पूर आणि उसाच्या हंगामातले रस्ते यांमुळे इथल्या मालकाचा हिशेब थोडा वेगळा होतो.

‘वय झालं, आता इन्शुरन्स महागणार का?’ हा प्रश्न नूतनीकरणाच्या वेळी हमखास निघतो. सरळ उत्तर असे, की चालकाच्या वयामुळे जवळजवळ नाही, गाडीच्या वयामुळे फक्त दराच्या टक्केवारीत थोडा आणि कागदपत्रांतल्या ढिलाईमुळे बराच. भारतात विमा गाडीचा उतरवला जातो. मालकाच्या परवानगीने आणि वैध लायसन घेऊन ती कोण चालवतो, पंचविशीतला मुलगा की सत्तरीतले वडील, यावर मूळ दर ठरत नाही.

थर्ड पार्टीचा हप्ता

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. याचे दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीला ७,८९७ रुपये पडतात. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे ज्येष्ठांच्या हाती दिसणाऱ्या बहुतेक स्कूटरना, ७१४ रुपये आहेत. विजेवर चालणाऱ्या गाडीला यात १५ टक्के सूट मिळते. वरून १८ टक्के जीएसटी. या तक्त्यात वयाचा रकाना कुठेच नाही, त्यामुळे ‘तुमचं वय जास्त आहे म्हणून थर्ड पार्टी जास्त बसेल’ असे कोणी सांगितले तर ते चूक आहे.

वय या क्षेत्रात येते ते दुसऱ्याच ठिकाणी. अपघातात मृत्यू झाल्यास भरपाई मोजताना मृताच्या वयानुसार गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला गुणायचा आकडा, धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा प्रकरणात घालून दिलेला हा गुणक पंचविशीपर्यंत १८ असतो, ५६ ते ६० वयाला ९ आणि ६६ ते ७० वयाला ५ उरतो. हप्ता मोजणाऱ्याला वयाशी देणेघेणे नाही आणि भरपाई मोजणाऱ्याला ते पहिल्यांदा विचारावे लागते.

गाडीचे वय आणि ‘फर्स्ट पार्टी’

आपल्या गाडीचे नुकसान भरून देणाऱ्या विम्याला, ज्याला बोलताना ‘फर्स्ट पार्टी’ किंवा ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, पूर्वी बांधील दरपत्रक होते. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना मोकळीक मिळाली. तरीही जुन्या दरपत्रकाची चौकट कायम आहे आणि त्यावर कंपनी आपापली सूट देते. ही चौकट तीन गोष्टी पाहते : इंजिनाची क्षमता, गाडीचे वय आणि नोंदणीचा विभाग. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही शहरे ‘अ’ विभागात येतात, बाकीचा देश ‘ब’ विभागात. कोल्हापूर ‘ब’ मध्ये आहे.

आठ वर्षे जुनी, १,१९७ सीसीची, २ लाख रुपये विमा किंमत (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ठरलेली मोटार घेऊ. ‘ब’ विभागात तिचा मूळ दर ३.३५१ टक्के, म्हणजे ६,७०२ रुपये. तीच गाडी एमएच १२ पासिंगची असती तर दर ३.४४७ टक्के, म्हणजे ६,८९४ रुपये झाला असता. फरक १९२ रुपयांचा. मुलाने पुण्यात घेतलेली गाडी आई-वडिलांकडे कोल्हापुरात आणून ठेवली, तरी दर नोंदणीच्या गावाचाच लागतो. गाडी दहा वर्षांवर गेली की टक्केवारी थोडी चढते (३.४३०), पण विमा किंमत दरवर्षी घटत असल्याने हातात पडणारा आकडा सहसा उतरतो. ही किंमत पहिली पाच वर्षे ठरलेल्या घसाऱ्याने घटते, पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर येते. पुढे ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. इथे गप्प बसू नये. हप्ता कमी दिसावा म्हणून किंमत फार खाली लिहिलेली पॉलिसी गाडी चोरीला गेली किंवा पुरात पूर्ण बाद झाली की अंगाशी येते.

नो क्लेम बोनस

ज्येष्ठ चालकाची खरी बचत इथे आहे. सलग क्लेम न घेतल्यास वरच्या मूळ हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सूट मिळते. सावकाश आणि कमी गाडी चालवणाऱ्या निवृत्त माणसाकडे हा बोनस बहुधा पूर्ण ५० टक्के साठलेला असतो. आपल्या उदाहरणात ६,७०२ पैकी ३,३५१ रुपये तिथेच सुटतात. थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि जीएसटी धरून एकूण सुमारे ७,९८५ रुपये होतात. बोनस नसेल तर हीच रक्कम ११,९३९ होते.

आता गल्लीत गाडी मागे घेताना पुढचा-मागचा अंदाज चुकला आणि भिंतीला बंपर घासला असे धरू. नवा बंपर ५,००० रुपयांचा. प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, उरले २,५००. त्यातून सक्तीचे १,००० रुपये मालकाने सोसायचे. हाती आले १,५००. पुढच्या वर्षी बोनस शून्यावर आणि हप्त्यात जवळजवळ ३,९५४ रुपयांची वाढ. पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचायला पाच वर्षे बिनक्लेम जावी लागतात. गॅरेजवाला ‘इन्शुरन्समधून करू की, काका’ म्हणतो तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. शिवाजी उद्यमनगरात तो बंपर चिकटवून, रंगवून स्वस्तात निघतो का, हे आधी विचारावे.

बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तर कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीला लावता येते. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर मात्र साठलेला सगळा बोनस जातो. ज्येष्ठांच्या बाबतीत हे फार साध्या कारणाने घडते. पॉलिसीवर मोबाइल नंबर एजंटाचा किंवा परगावी असलेल्या मुलाचा असतो, आठवणीचा मेसेज तिकडे जातो, आणि इकडे गाडी गेटाआड उभी असल्याने कोणाला तारीख आठवत नाही. नंबर स्वतःचा घालून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी बाजूही पाहावी. गाडी आबांच्या नावावर, चालवतो नातू, धडक त्याच्या हातून झाली, तरी बोनस आबांचाच जातो.

लायसन

वय खऱ्या अर्थाने जिथे अडवते ते हे ठिकाण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खाजगी वाहनाचे लायसन ५० ते ५५ वयात काढले वा नूतनीकृत केले तर साठाव्या वर्षापर्यंत आणि पंचावन्न ओलांडल्यावर दर वेळी पाच वर्षांसाठी मिळते. वरची वयोमर्यादा नाही; ऐंशीतला माणूसही तंदुरुस्त असेल तर लायसन घेऊ शकतो. चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना १ अ) लागते. मुदत संपण्याच्या आधी एक वर्ष ते नंतर एक वर्ष नूतनीकरणाला अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला तर पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते.

गडबड होते ती त्या मधल्या काळात. पूर्वीचे लायसन वीस वर्षांचे असायचे, त्यामुळे पाकिटातल्या त्या कागदाकडे वर्षानुवर्षे न पाहण्याची सवय लागलेली असते. मुदत संपलेल्या लायसनवर अपघात झाला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, मग हप्ता किती का भरलेला असेना. समोरच्याची भरपाई न्यायालय कंपनीला द्यायला लावू शकते, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देऊ शकते. २००४ च्या स्वरण सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सूत्र पक्के केले. निवृत्तीची पुंजी अशा वसुलीत जाणे हे हप्त्यातल्या शे-दोनशे रुपयांपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे, म्हणून विम्याच्या तारखेशेजारी लायसनची तारीखही कॅलेंडरवर लिहावी.

डोळे, रात्र आणि उसाचे ट्रेलर

मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने दृष्टीवर होणारा परिणाम, मान वळवायला होणारा त्रास, मंदावलेली प्रतिक्रिया यांचा हप्त्यावर थेट परिणाम होत नाही. अपघाताच्या शक्यतेवर मात्र होतो. जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की कागल, शिरोळ, करवीरच्या रस्त्यांवर उसाने भरलेले जोडट्रेलर संध्याकाळनंतरही धावतात. मागे दिवा वा परावर्तक नसलेला ट्रेलर समोरून येणाऱ्या गाडीच्या झगमगाटात दिसतच नाही, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला तर नाहीच नाही. हंगामात अंधार पडल्यावर गाडी बाहेर न काढणे, आंबा घाट किंवा गगनबावड्याचा रस्ता दिवसाच उरकणे हा इथल्या बऱ्याच जाणत्या चालकांचा शिरस्ता आहे आणि तो योग्यच आहे.

पूर

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि शहराच्या सखल भागात दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराचे नुकसान ‘फर्स्ट पार्टी’त भरून मिळते, फक्त थर्ड पार्टी असेल तर एक रुपयाही मिळत नाही. ‘जुनी गाडी आहे, थर्ड पार्टी पुरे’ हा विचार टेंबलाईच्या टेकडीवर राहणाऱ्याला परवडेल, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहणाऱ्याने दोनदा करावा.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची चावी फिरवून पाहायचा मोह मोठा असतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड (ॲड-ऑन) घ्यावी लागते. गाडी ढकलून उंचावर न्यावी, फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत किल्ली खिशात ठेवावी.

हप्ता कमी करण्याचे मार्ग

जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने वापरानुसार हप्ता आकारणाऱ्या जोडांना परवानगी दिली. राजारामपुरीतून महाद्वार रोडला देवदर्शन, आठवड्याची भाजी आणि दवाखाना एवढ्यापुरती फिरणारी गाडी असेल तर किलोमीटरवर आधारित योजना विचारून घ्यावी. नुकसानीचा ठरावीक भाग स्वतः सोसायची तयारी दाखवली तरी सूट मिळते.

मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा सक्तीचा आहे. मात्र मालकाकडे चालू लायसन नसेल किंवा तेवढ्या रकमेचा असा विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. गाडी चालवणे सोडलेल्या, पण गाडी नावावर असलेल्या ज्येष्ठांकडून हे पैसे वर्षानुवर्षे उगाच जातात. त्याउलट पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर अगदी थोड्या जादा हप्त्यात त्याच्याबाबतची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत येते, आणि नेमके तेच राहून जाते.

परदेशातील रीत

परदेशी लेख आणि चलत्‌चित्रांमुळे इथे बराच गैरसमज पसरला आहे. ब्रिटनमध्ये चालकाचे वय हप्त्याचा मोठा घटक असते. हप्ता तरुणांना सर्वाधिक, मध्यमवयात उतरता आणि साधारण सत्तरीनंतर पुन्हा चढता असतो. वृद्ध शरीर त्याच धडकेत अधिक जखमी होते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत : हवाईत वयावरून दर ठरवायला बंदी, मॅसॅच्युसेट्समध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तीला २५ टक्के सवलत. मुलगी-जावई तिकडे असतील तर त्यांचा सल्ला इथल्या पॉलिसीला लावू नये.

मालकाच्या मृत्यूनंतर

विमाधारक वारल्यास पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर ती चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला आणि गाडीची कागदपत्रे देऊन पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. आरटीओला ३० दिवसांत कळवून गाडी नावावर करण्यासाठी नमुना ३१ वर तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. गाडी पत्नी वा पती, मुले किंवा आई-वडील यांच्याकडे गेली तर साठलेला नो क्लेम बोनसही त्यांच्याकडे जातो, आणि तो नव्या पॉलिसीत लिहून घ्यायला त्यांनी एजंटाला स्वतःहून सांगावे लागते.