ब्रिटनला पेन्शन खरोखरच परवडत नाही का?

ब्रिटनमधील सरकारी पेन्शनचा निधी आटत चालला असून वृद्धांना सन्मानाने जगता येईल एवढी रक्कम देणे देशाला परवडणारे नाही, हा समज अनेक वर्षे प्रचलित आहे. मात्र तो ज्या गृहीतकावर उभा आहे तेच चुकीचे आहे. नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे काम करणारे आणि त्यांचे मालक सरकारी विमा योजनेत भरतात ती सक्तीची वर्गणी, कोणाच्याही नावे साठवली जात नाही. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतूनच आजच्या निवृत्तांना पेन्शन मिळते आणि निधी अपुरा पडल्यास सरकारी तिजोरीतून भर घालता येते.

खरा प्रश्न राष्ट्रीय उत्पन्नातील वाट्याचा आहे. ब्रिटनचा सरकारी पेन्शनवरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्के आहे, तर इटलीत सार्वजनिक पेन्शनवर सुमारे १६ टक्के खर्च होतो. ही तुलना काटेकोर नाही, कारण ब्रिटनमध्ये नोकरीतून मिळणाऱ्या खासगी पेन्शनवर अधिक भिस्त आहे. तरीही अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीची (एप्रिल २०१६ पासून पेन्शनचे वय गाठणाऱ्यांना लागू असलेली) पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती, आणि तिच्यासाठी साधारणपणे ३५ वर्षांची वर्गणी लागते.

वृद्धांची संख्या वाढत असल्याने खर्च वाढणार, हे मात्र खरे. महागाई, वेतनवाढ किंवा २.५ टक्के यांपैकी जे सर्वाधिक, तेवढी वाढ दरवर्षी देण्याचे धोरणही त्यात भर घालते. परंतु तो भार करांतून उचलायचा की पेन्शनचे वय वाढवून निवृत्तांवर टाकायचा, हा निर्णय राजकीय आहे. १९०८ साली, आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या ब्रिटनने वृद्धांना पेन्शन देण्याचा कायदा केला, तोही राजकीय निर्णयच होता.